केटररकाकांची वेबसाइट आणि कॉलेजचं लायसन्स

ऐरोलीहून एका मुलीचं पत्र आलंय. लांबलचक आहे म्हणून कामाचं तेवढंच देते:

«ताई, मी आयटीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या ईमेलवर मला पीएचपीस्टॉर्म हे कोड लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळालंय आणि फोटोशॉप-इलस्ट्रेटरचं पॅकेज क्रिएटिव्ह क्लाउड मी स्टुडंट रेटने घेतलंय, त्याचे पैसे बाबांच्या कार्डवरून जातात. मागच्या दिवाळीत बाबांच्या ओळखीतल्या ठाण्याच्या एका केटररकाकांची वेबसाइट वर्डप्रेस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करून दिली, १८,००० मिळाले. आता त्यांच्याच ओळखीतून अजून दोन कामं आलीत, वाशीच्या एक डेंटिस्ट मॅडम आणि महापेची एक कंपनी. कंपनीने ॲग्रीमेंट पाठवलंय आणि त्यात लिहिलंय की कामासाठी वापरलेलं सगळं सॉफ्टवेअर रीतसर लायसन्सचं आहे. ते वाचल्यापासून झोप उडालीय. मैत्रीण म्हणते सगळे करतात, आमचे सर म्हणतात शिकताना चालतं. आणि दादा पास होऊन दोन वर्षं झाली, तोही माझंच लॉगिन वापरतो. ताई, मी चोरी केली का? काकांचे पैसे परत देऊ का?»

अगं, आधी घोटभर पाणी पी. पैसे परत द्यायचं डोक्यातून काढून टाक. काकांना वेबसाइट हवी होती, ती मिळाली, चालू आहे, तू राबलीस त्याचे पैसे घेतलेस, विषय संपला. गडबड आहे, नाही असं नाही, पण तू जिथे शोधतेयस तिथे ती नाहीये. पत्र वाचून वाटलं की तुझी सगळी काळजी क्रिएटिव्ह क्लाउडची आहे, कारण त्याला बाबांचं कार्ड लागलंय, आणि पीएचपीस्टॉर्म काय बाबा फुकटच मिळालंय म्हणून त्याच्याबद्दल तू निवांत आहेस. नेमकं उलटं आहे.

कसं ते सांगते. स्टुडंटला स्वस्त म्हटलं की आपण सगळं एका पिशवीत टाकतो, पण सवलती दोन जातीच्या असतात. एक, तू कोण आहेस ते बघून दिलेली. आपल्या एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे ना, तिथे कंडक्टर विचारतो का की बाई तू माहेरी चाललीस का नाशिकला माल आणायला चाललीस? नाही विचारत, तू बाई आहेस, अर्धं तिकीट घे आणि बस. दुसरी जात म्हणजे तू त्याचं काय करणार ते बघून दिलेली सवलत, आणि त्याचं उदाहरण तुझ्या केटररकाकांच्याच किचनमध्ये उभं आहे. घरचा लाल सिलिंडर १४.२ किलोचा आणि हॉटेलवाल्यांचा निळा १९ किलोचा, आतला गॅस तोच, चव बदलत नाही, पण लाल सिलिंडर लग्नाच्या ऑर्डरच्या भट्टीला लावला तर तो गुन्हा आहे, मग सिलिंडर तुझ्या नावाचा असो, पैसे पूर्ण भरलेले असोत, काही फरक पडत नाही. काकांना हे तू समजवायला जाऊ नकोस, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहितीय.

तर प्रत्येक स्टुडंट लायसन्सबद्दल हा एकच प्रश्न विचारायचा, हे एसटीचं तिकीट आहे का लाल सिलिंडर. आणि उत्तर मैत्रिणीकडे नाही, सरांकडे तर नाहीच नाही. सर चांगलेच असतील, पण सॉफ्टवेअर त्यांनी विकलेलं नाही. उत्तर त्या कंपनीच्या टर्म्समध्ये असतं, ज्यांच्याखाली आपण सगळ्यांनी न वाचता स्क्रोल करून ॲग्री दाबलेलं असतं. मी पण.

आता तुझ्या दोन गोष्टी.

क्रिएटिव्ह क्लाउड, जे तू स्वतः स्टुडंट रेटने विकत घेतलंस, ते एसटीचं तिकीट आहे. ते बनवणाऱ्या ॲडोबीने विद्यार्थी-शिक्षक एडिशनच्या प्रश्नोत्तरांमध्ये सरळ लिहिलेलं आहे की हे वैयक्तिक कामासाठी तसंच कमर्शियल कामासाठी वापरता येईल, पूर्वी हेच सॉफ्टवेअर क्रिएटिव्ह सूट नावाने डब्यात विकलं जायचं त्या काळापासून त्यांचं हे धोरण आहे. बऱ्याच लोकांना हे खरं वाटत नाही, मला पण पहिल्यांदा वाटलं नव्हतं, मी तीनदा वाचलं. म्हणजे काकांचा लोगो, बॅनर, मेन्यूकार्ड तू फोटोशॉप-इलस्ट्रेटरमध्ये केलंस त्यात काही चुकलं नाही, तू विद्यार्थी होतीस आणि आहेस एवढी त्यांची अट. तरी एक कर, त्यांच्या साइटवरचं ते पान आज उघड, तारखेसकट पीडीएफ करून ठेव, कारण टर्म्स बदलतात आणि उद्या कोणी विचारलं तर तुझ्या हातात कागद हवा. आणि हे फक्त तू स्वतः घेतलेल्या सबस्क्रिप्शनबद्दल. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवरचं किंवा कॉलेजने तुला वाटलेलं लायसन्स हा वेगळाच करार असतो, तो कॉलेज आणि कंपनीमधला, तिथे सहसा फक्त शिक्षणासाठी असं बजावलेलं असतं. लॅबमध्ये बसून क्लायंटचं काम करायचं नाही, सर बघत नसले तरी.

अजून एक, पहिलं वर्ष संपलं की ॲडोबीचा स्टुडंट रेट वाढतो आणि सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू होतं. बाबांच्या कार्डला तो झटका बसायच्या आधी कॅलेंडरमध्ये लिहून ठेव.

आता पीएचपीस्टॉर्म. हा लाल सिलिंडर आहे, यात वादच नाही. ते बनवणाऱ्या जेटब्रेन्स कंपनीचं विद्यार्थ्यांना फुकट मिळणारं लायसन्स फक्त शिकण्यासाठी आणि बिनव्यापारी कामासाठी असतं, दर वर्षी रिन्यू करायचं, आणि पैसे घेऊन कुणाची वेबसाइट करणं म्हणजे व्यापारी काम, रक्कम १८,००० असो नाहीतर १८००. «पण ताई मी शिकतच होते ना ते करताना» असं तू मनात म्हणतेयस, मला ऐकू येतंय. शिकत होतीस, खरंय, मी वीस वर्षं झाली तरी शिकतेय, तसं बघितलं तर मला पण फुकट द्यायला हवं. ज्या दिवशी काकांनी ॲडव्हान्स दिला त्या दिवसापासून ते काम झालं, प्रोजेक्ट नाही.

मग काय केलंस तू? कराराची अट मोडलीस. क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी, डाउनलोड करणं आणि हे, यात फरक आहे आणि तो मी मुद्दाम सांगतेय कारण तू «चोरी» हा शब्द वापरलायस. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ६३बी म्हणून एक कलम आहे, सॉफ्टवेअरची बेकायदा कॉपी माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. त्याच कलमात पुढे सूट आहे की वापर फायद्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करून नुसता ५०,००० पर्यंतचा दंड करू शकतं. बघ, कायदा सुद्धा तोच प्रश्न विचारतोय, धंद्यासाठी वापरलं का. तुझी कॉपी क्रॅक केलेली नाही, कंपनीनेच दिलेली आहे, त्यामुळे तुझ्यासारख्या केसमध्ये सहसा लायसन्स रद्द आणि अकाउंट बंद इथपर्यंत गोष्ट जाते. मी वकील नाही, पण पोलीस ऐरोली स्टेशनला उभे नाहीयेत एवढं नक्की सांगते. म्हणून चालू ठेव असंही नाही. आजपासून पैशाच्या कामाला ते उघडायचं नाही, कॉलेजच्या प्रोजेक्टला खुशाल वापर, त्याच्यासाठीच दिलंय.

आणि काकांची वेबसाइट पुन्हा करायची का? अजिबात नको. कोड म्हणजे शेवटी साधा मजकूर, पीएचपीस्टॉर्ममध्ये लिहिला काय नोटपॅडमध्ये लिहिला काय, तो तुझा आहे. हत्यार कुणाच्या अटीवर घेतलं यावरून वस्तूची मालकी हत्यारवाल्याकडे जात नाही.

सगळ्यांचं नशीब असं नसतं हां. तुझ्या कुणा आर्किटेक्चरच्या मैत्रिणीला विचार. ऑटोकॅडच्या स्टुडंट व्हर्जनमध्ये ड्रॉइंग केलं की प्रिंटच्या चारही कडांना ‘प्रोड्यूस्ड बाय ॲन ऑटोडेस्क एज्युकेशनल प्रॉडक्ट’ असा शिक्का यायचा, आणि गंमत म्हणजे तो संसर्गजन्य होता, स्टुडंट फाइलमधला एक सोफ्याचा ब्लॉक उचलून ऑफिसच्या चांगल्या लायसन्सवाल्या फाइलमध्ये टाकला की ऑफिसच्या प्रिंटवर पण शिक्का. किती ऑफिसांमध्ये त्यावरून इंटर्न पोरांनी शिव्या खाल्ल्या असतील. नंतरच्या व्हर्जनमध्ये तो प्रिंटवरचा शिक्का गेला, फाइल उघडताना सूचना येते. वेबवाल्यांना असा शिक्का नाही म्हणून आपल्याला वाटतं नियमच नाही.

आता पीएचपीस्टॉर्मच्या जागी काय. व्हीएस कोड घे, फुकट आहे, कमर्शियल कामाला चालतं, पीएचपीसाठी एक्स्टेंशन टाकली की वर्डप्रेसच्या कामाला भरपूर झालं. पहिले चार दिवस शॉर्टकट चुकतील, चिडचिड होईल, मग होते सवय. अगदीच करमलं नाही तर जेटब्रेन्सचं व्यक्तीसाठीचं लायसन्स महिन्याच्या हिशोबाने मिळतं, ते घेऊन धंद्याचं काम बिनधास्त करता येतं, आणि पास झाल्यावर त्यांची पदवीधरांसाठी ४० टक्के सवलत असते ती सोडू नकोस. त्यांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये वेबस्टॉर्म आणि रायडर हे त्यांचेच दोन एडिटर सगळ्यांसाठी फुकट केले म्हणून पोरं नाचत होती, पण ते पण बिनव्यापारी वापरापुरतंच, म्हणजे पुन्हा लाल सिलिंडर, फक्त आता सगळ्या घरांना.

तुझ्याकडे गिटहबचा (कोड ठेवायची साइट) स्टुडंट पॅक, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळ्या कंपन्यांच्या सवलतींचा गठ्ठा, असणारच, कॉलेजच्या ईमेलवर तो सगळेच घेतात. तो एक पॅक असला तरी आत प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या, दिवाळीच्या फराळाच्या डब्यासारखं, झाकण एक पण चकली वेगळ्या घरची आणि करंजी वेगळ्या. एकेक वाचावं लागतं. कंटाळा येतो, मान्य.

ज्याच्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस आणि जिथे पोरं सगळ्यात जास्त अडकतात ते म्हणजे होस्टिंग, साइट इंटरनेटवर ठेवायची जागा. काकांची साइट कुठे ठेवलीयस? डिजिटलओशन या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या स्टुडंट क्रेडिटवर, म्हणजे त्यांनी फुकट दिलेल्या रकमेवर, असेल तर क्रेडिट संपलं की बिल यायला लागतं, ते भरलं नाही की साइट बंद, आणि तो दिवस नेमका लग्नसराईत येतो हा माझा अनुभव आहे. मायक्रोसॉफ्टच्या आझूरचं विद्यार्थ्यांसाठीचं १०० डॉलरचं क्रेडिट पण १२ महिन्यांचं असतं, त्यावर प्रयोग कर, दुसऱ्याचा धंदा ठेवू नकोस. पॅकमधून एक वर्षासाठी फुकट मिळालेलं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, क्लायंटला चिकटवू नकोस, वर्षाने रिन्यूचं बिल कुणाच्या ईमेलवर येणार, तुझ्या कॉलेजच्या, जो तू पास झाल्यावर बंद होणार! आणि फुकटची होस्टिंग ही स्टुडंटची नसली तरी तिथे पण हेच. डेंटिस्ट मॅडमची एकपानी साइट व्हर्सेलवर टाकू असं तुझ्या डोक्यात असेल तर त्यांचा हॉबी प्लॅन फक्त वैयक्तिक, बिनव्यापारी वापरासाठी आहे, पैसे घेऊन क्लायंटची साइट तिथे ठेवणं त्यांच्या अटीत बसत नाही. गिटहब पेजेसवाल्यांनी पण लिहून ठेवलंय की ऑनलाइन धंदा किंवा दुकान चालवायला हे फुकट होस्टिंग नाही. साधं शेअर्ड होस्टिंग घ्यायला सांग, डोमेन आणि होस्टिंग दोन्ही क्लायंटच्या नावावर, क्लायंटच्या कार्डवर, ओटीपी त्यांच्या फोनवर. काकांचं तसं नसेल तर या महिन्यात ट्रान्स्फर करून टाक.

वर्डप्रेसची मात्र चिंता नाही. ते २००३ पासून जीपीएल या मुक्त लायसन्सवर आहे, कुणीही, कशालाही, धंद्याला पण वापरा. त्यांच्या डिरेक्टरीतल्या थीम-प्लगिनचंही (साइटचं रूप आणि वर जोडायच्या सोयी) तसंच. फक्त कुणी टेलिग्रामवर प्रीमियम थीम फुकट देतोय म्हणाला की दोन हात लांब राहा, त्यातून काय काय आत शिरतं ते साफ करायला मला पूर्वी रात्री जागून पैसे मिळायचे, आता मी ते काम घेत नाही. टेलिग्रामवर ५०० रुपयांत वर्षभराची «स्टुडंट अकाउंटं» पण विकतात, ती दुसऱ्याच कुणाच्या कॉलेजच्या ईमेलवर काढलेली असतात, एक दिवस पासवर्ड बदलतो आणि विकणारा गायब. ती सवलत नव्हे, ते सरळ खोटं.

फॉन्ट. काकांचा मेन्यू मराठीत आहे ना? मग ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे फॉन्ट बघ, दोन्ही आपल्या मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेत, गूगल फॉन्ट्सवर आहेत, ओपन फॉन्ट लायसन्सवर, वेबसाइट, बोर्ड, टेम्पोच्या मागचं पेंटिंग, कुठेही वापर. आणि पुरणपोळीचे फोटो गूगल इमेजेसमधून उचललेले असतील तर, खरं सांग, उचललेस ना? ते आज काढ. सॉफ्टवेअरच्या लायसन्सपेक्षा फोटोवरून नोटीस यायची शक्यता मला जास्त वाटते, कारण सॉफ्टवेअर तुझ्या खोलीत असतं आणि फोटो सगळ्या जगाला दिसतो. काकांच्या पुढच्या ऑर्डरला जा, स्वतः फोटो काढ, जेवण पण होईल.

आता महापेच्या कंपनीचं ॲग्रीमेंट, ज्याने तुझी झोप उडवली. त्यातला तो क्लॉज नुसता शोभेचा नसतो. माझीच गोष्ट सांगते. २००४ ला मी नौपाड्यात एका खोलीत दोन कॉम्प्युटर टाकून काम सुरू केलं, ठाणे-वाशी लोकल त्याच वर्षी नवीन सुरू झाली होती आणि मला वाटायचं आता सगळी नवी मुंबई माझी क्लायंट. तेव्हा वेबसाइट करायचं ड्रीमवीव्हर मॅक्रोमीडिया कंपनीचं होतं, ॲडोबीने अजून घेतलेलं नव्हतं, आणि माझ्याकडे ते शंभर रुपयांच्या सीडीवरून आलेलं होतं. खोटं कशाला बोलू, फोटोशॉप पण. वागळे इस्टेटच्या एका कंपनीचं काम घेतलं, केलं, छान झालं, बिल पाठवलं, तर त्यांच्या अकाउंट्समधून फोन आला की मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरच्या बिलांच्या झेरॉक्स पाठवा, आमच्या हेड ऑफिसचं ऑडिट आहे. मी सही केलेल्या कागदावर ती अट होती. मी वाचली नव्हती. झेरॉक्स कशाची पाठवणार, सीडीवर मार्करने लिहिलेलं होतं! तीन महिने पेमेंट अडकलं, शेवटी सासूबाईंकडून पैसे उसने घेऊन लायसन्स विकत घेतलं आणि नंतरच्या तारखेचं बिल दाखवलं, त्यांनी ते कसं पचवलं मला अजून माहीत नाही, पण पुढचं काम काही दिलं नाही. गोखले रोडवरून चालत घरी येताना मला जे वाटत होतं ते तुला आत्ता वाटतंय, फरक एवढाच की तू सही करायच्या आधी वाचलंस. माझ्यापेक्षा शहाणी आहेस.

तर त्यांच्या कामासाठी तू हे कर. सही करायच्या आधी ज्या ज्या गोष्टी वापरणार आहेस त्यांची यादी कर, एडिटर, डिझाइनचं सॉफ्टवेअर, फॉन्ट, थीम, प्लगिन, फोटो, आणि समोर लिही की लायसन्स कुठलं. क्रिएटिव्ह क्लाउडसमोर «विद्यार्थी आवृत्ती» असं स्वच्छ लिही आणि ते ॲडोबीचं पान जोड, लपवू नकोस. काही कंपन्यांचं लीगल खातं ‘स्टुडंट’ शब्द दिसला की बिचकतं, ॲडोबी काहीही म्हणो, तसं झालं तर त्या प्रोजेक्टपुरतं एखाद-दोन महिन्यांचं रेग्युलर सबस्क्रिप्शन घे आणि ते पैसे कोटेशनमध्येच धर. किंवा लोगो-आयकॉन एवढंच काम असेल तर इंकस्केप आणि गिंपवर पण निभावतं, दोन्ही फुकट, दोन्हीला धंदा चालतो. मला स्वतःला गिंप कधी आवडलं नाही, पण माझी आवड हा काही लायसन्सचा मुद्दा नाही.

त्याच ॲग्रीमेंटमध्ये अजून दोन ठिकाणी थांब. एक, नुकसानभरपाईचा क्लॉज, म्हणजे लायसन्सवरून उद्या काही झालं तर सगळा खर्च तू द्यायचा असं लिहिलेलं असतं, त्याला मर्यादा घालून माग, निदान त्या कामाच्या रकमेएवढी, बाबांना दाखव, ओळखीतल्या वकिलाला दाखव. दोन, कॉपीराइटचा. आपल्या कायद्यात फ्रीलान्सरने केलेल्या कामाचा कॉपीराइट, लेखी दिला नाही तर, सहसा फ्रीलान्सरकडेच राहतो, नोकरदारासारखं नसतं, आणि द्यायचा तर सहीचा कागद लागतो, त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. कंपनी सगळं मागणार, मागू दे, पण तुझं पूर्ण पेमेंट झाल्यावर हक्क त्यांच्याकडे जाईल असं एक वाक्य घालून घे. आणि वर्डप्रेस, थीम, फॉन्ट हे तुझं नाहीच तर तू देणार कसं, ते वगळून.

काकांना सांगायचं का, हे तू विचारलं नाहीस पण मनात असणार. माझ्या मते नको. त्यांना तू कुठलं खोटं वचन दिलेलं नाहीस, त्यांच्या साइटला काही धोका नाही, उगाच जाऊन कबुलीजबाब दिलास तर त्यांना फक्त एवढंच कळेल की काहीतरी लफडं आहे. होस्टिंग ट्रान्स्फर करायची आहे एवढं सांग.

सगळे करतात हे मैत्रिणीचं म्हणणं, हो, करतात. पण ती मैत्रीण महापेच्या कंपनीच्या ॲग्रीमेंटवर सही करणार नाहीये.

पुढच्या कोटेशनपासून टूल्सची एक ओळ घालायला लाग. डेंटिस्ट मॅडमना २०,००० सांगणार असशील तर वर हजार-दीड हजार सॉफ्टवेअरचे धर, वेगळे दाखव नाहीतर आत मिसळ, तुझी मर्जी. लोक घासाघीस करतात, विशेषतः ओळखीतले. डेंटिस्ट मॅडम काही घरच्या चिमट्याने दात काढत नाहीत, त्यांना खुर्चीचा हप्ता माहीत असतो, त्यांना पटेल. कॉलेज संपलं की स्टुडंट रेट जाणारच, ॲडोबीचा पण, आणि तेव्हा क्लायंटला एकदम भाव वाढवून सांगताना जीभ अडखळते, आतापासून खऱ्या खर्चाचा भाव ठेवलास तर तेव्हा काही बदलावं लागणार नाही. तोपर्यंत मधले जे पैसे वाचतील ते साठव.

राहिला दादा. तुझं क्रिएटिव्ह क्लाउडचं लॉगिन दोन मशीनवर ॲक्टिव्हेट होतं ते तुझा लॅपटॉप आणि तुझाच घरचा पीसी यासाठी, एका माणसासाठी, तू आणि तो यासाठी नव्हे. शिवाय तो विद्यार्थी नाही, म्हणजे एसटीच्या तिकिटाचं उदाहरण घेतलं तर तो तुझ्या अर्ध्या तिकिटावर तुझी ओढणी डोक्यावर घेऊन बसलाय. तो त्यावर बाहेरची कामं करत असेल तर सगळं तुझ्या नावावर चाललंय, अकाउंट बंद झालं तर तुझं होणार, महापेची डेडलाइन तुझी. भांडू नकोस. अकाउंटच्या पानावर जाऊन त्याचं मशीन डीॲक्टिव्हेट कर आणि पासवर्ड बदल, पण त्याच्या फाइल्स क्लाउडवर असतील तर आधी त्याला दोन दिवस दे उतरवून घ्यायला. तो कमावता आहे ना दोन वर्षं? मग घेऊ दे की स्वतःचं. आरडाओरडा केला तर आईला मध्ये घाल, आणि हे पत्र त्याला दाखवायचं असेल तर ओढणीचं वाक्य तेवढं गाळून दाखव.